तिसरं पाणी कापायचं नाही

गच्चीवर झटकामावशी चादर झटकायची तेव्हा चौथ्या मजल्यावर अंथरुणात पडलेल्या माणसाला वाटायचं, कुणीतरी कुणाच्या कानफटात दिली. फट्ट! मग पुन्हा फट्ट! तीन झटके या टोकाने, तीन त्या टोकाने, आणि मग चादर दोरीवर. खिडकीतून कुणी ओरडलं, "मावशी, जरा हळू," तर ती कठड्यावरून वाकून म्हणायची, "हळू झटकलेली चादर पत्र्यासारखी वाळते. पत्रा पांघरायचाय का?"

खिडकी बंद व्हायची. मावशीशी वाद घालणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, हे त्या इमारतीत लहान पोरालाही ठाऊक होतं.

बत्तीस घरांचं धुणं ती एकोणीस वर्षं धूत होती. तळमजल्याला, जिन्याच्या पाठीमागे, लांबट आणि ओलसर अशी एक खोली होती. तिला सगळे धुणंघर म्हणायचे. तिथे दोन मोठी धुण्याची यंत्रं, एक पिळायचं यंत्र, आणि भिंतीला लागून सिमेंटच्या तीन टाक्या. खोलीची किल्ली मावशीच्या कमरेला. तेवढ्या किल्लीवर तिने एक मुलगा वाढवला होता. नवरा कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला तो परत आलाच नाही; गेला त्या दिवशी त्याचे दोन शर्ट भिजत घातलेले होते. ते तिने धुतले, वाळवले, घड्या घातल्या आणि रस्त्यावरच्या पहिल्या गरजू माणसाला देऊन टाकले. शर्टांचा तेवढा विषय तिने संपवला. नवऱ्याचाही.

हे काम ती आईकडून शिकली. आई एका मोठ्या दवाखान्याच्या धोबीखान्यात होती, आणि ही अकरा वर्षांची असल्यापासून तिच्या हाताखाली. आईची एक पद्धत होती. शेवटच्या पाण्यातून काढलेल्या कपड्याचं टोक ती जिभेला लावून बघायची. तुरट, कडवट, काहीही लागलं तर कपडा परत पाण्यात. "अंगाला काय चावतं ते जिभेला आधी कळतं," असं आई म्हणायची. लोक हसायचे. आई हसणाऱ्याचीच चादर पुढे करायची, "लाव जीभ." मग कुणी हसायचं नाही.

तर त्या तीन टाक्या. त्या एका पातळीत नव्हत्या. तिसरी सगळ्यात उंच, दुसरी तिच्याहून हातभर खाली, पहिली जमिनीलगत. नळ फक्त तिसरीवर. एकोणीस वर्षांपूर्वी गवंडी टाक्या सरळ बांधायला निघाला होता, तेव्हा मावशीने त्याच्या हातातली थापी काढून घेतली होती आणि विटेने जमिनीवर रेघा ओढून दाखवलं होतं, अशा बांध. यंत्रातून निघालेले साबणाचे कपडे आधी खालच्या टाकीत, मग मधल्या, मग वरच्या. एक घाणा, म्हणजे एका वेळचे कपडे, झाला की खालच्या टाकीचं पाणी मोरीत सोडायचं, मधलीचं बूच काढून तिचं पाणी खालच्या टाकीत घ्यायचं, वरचीचं मधल्या टाकीत, आणि ताजं पाणी भरायचं ते फक्त वरच्या टाकीत. कपडा खालून वर जातो, पाणी वरून खाली येतं. तीन पाण्यांतून कपडा निघतो आणि नळाचं पाणी मात्र एकच टाकी लागतं.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगायला ती काही रस्त्यावर दुकान मांडून बसली नव्हती. तिचा ताठा तिच्या कंबरेतही होता आणि स्वभावातही. गवंडी गेला, तेव्हाची कमिटीची माणसं घरं विकून गेली, आणि नव्या लोकांना वाटायचं की टाक्या वरखाली आहेत ती गवंड्याची चूक.

साबणाबाबत ती फार कंजूष होती. घरोघरच्या बायका पुड्याबरोबर येणाऱ्या मापाने दोन-दोन मापं टाकायला सांगायच्या. ती अर्धं टाकायची. "फेस जास्त आला म्हणजे कपडा जास्त स्वच्छ झाला, हे तुमच्या डोक्यात कुणी घातलं? ज्याला पुडा लवकर संपायला हवाय त्याने." आणि कपडा कडक होतो तो त्याच्यात राहिलेल्या साबणाने, असं तिचं ठाम मत होतं. आधी जास्त साबण घालायला शिकवायचं, मग तो कपड्यात बसला आणि कपडा खरखरीत झाला की त्यावर उतारा म्हणून दुसरी बाटली विकायची. त्या बाटलीला ती 'उतारा' असंच म्हणायची. कंडिशनर हा शब्द तिला येत होता. वापरायचा नव्हता.

आता गंमत अशी, की तिच्या घरात तीच बाटली विकणारी सून होती.

मुलगा लांबच्या गाड्या चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी सासू आणि सून. सून एका मोठ्या दुकानात, दाराजवळच्या टेबलापाशी, कंपनीने दिलेला निळा कोट घालून उभी असायची. समोर बाटल्यांचा मनोरा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकाशी ती एक रुमाल धरायची आणि म्हणायची, "बघा ना, कसा मऊ." दिवसाचे आठ तास. घरी आल्यावर ती आधी डोकं बांधून पडायची. "आई, मला आता कशाचाच वास येत नाही," असं एकदा म्हणाली, "गॅसवर दूध करपलं तरी कळलं नाही."

"नाक विकून पोट भरतेस," सासू म्हणाली. पण कपाळावर हात ठेवून म्हणाली.

नमुन्याच्या बाटल्या घरात आणायच्या नाहीत, असा मावशीचा हुकूम होता. सून आणायची आणि पलंगाखाली ठेवायची. सासूला ते माहीत होतं. सासूला माहीत आहे हे सुनेलाही माहीत होतं. दोघींचं बरं चाललं होतं.

मग सेक्रेटरीने पिंप आणलं.

सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहायचे. निवृत्त माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. वाईट नव्हते. पण इमारतीत काहीतरी आपल्या हातून घडलं पाहिजे, याची त्यांना भारी हौस. आधी त्यांनी जिन्यात आरसा लावला होता. आता गच्चीवरची पाण्याची टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली होती, चौथा मजला कुरकुरत होता, आणि सेक्रेटरींनी त्यावर तोड काढली. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी बघितलं होतं की शेवटच्या पाण्यात कंडिशनर टाकलं तर दोन पाण्यांतच कपडे मऊ निघतात. म्हणजे तिसरं पाणी वाचलं. त्यांनी गुलाबी पाण्याने भरलेलं एक मोठं पिंप मागवलं, आणि धुणंघराच्या दारावर कागद चिकटवला.

मावशी सकाळी आली तेव्हा ते तिथेच उभे होते. तिने कागद मोठ्याने वाचला. "सोमवारपासून दोनच पाणी. दुसऱ्या पाण्यात कंडिशनर, प्रत्येक घाण्याला दोन मापं. तिसरी टाकी बंद. हुकमावरून." ती थांबली. "हुकूम कुणाचा?"

"कमिटीचा."

"कमिटीतलं कुणी कधी एक पायमोजा तरी धुतलाय का?"

"मावशी, विषय पाण्याचा आहे. तीन टाक्यांऐवजी दोन. साधं गणित आहे."

इथे तिने तोंड उघडून त्या टाक्यांची रचना सांगितली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण 'साधं गणित' हा शब्द तिला लागला. एकोणीस वर्षं ती रोज ज्या टाक्यांत कोपरापर्यंत हात घालत होती, त्यांचं गणित हा माणूस दारात उभा राहून शिकवणार! कानाच्या पाळ्या तापल्या, आणि एकदा त्या तापल्या की समजावून सांगणं वगैरे तिच्याच्याने होत नसे.

"मी तो उतारा टाकणार नाही," ती म्हणाली. "आणि तिसरं पाणी कापणार नाही."

"मग काम कसं होणार? अहो, लोकांना मऊ कपडे हवेत, वास हवा. तुमचे टॉवेल म्हणजे अंग पुसायचं की घासायचं, कळत नाही."

"टॉवेल अंगातलं पाणी प्यायला असतो. गोंजारायला मांजर पाळा."

"म्हणजे तुम्ही ऐकणार नाही."

"नाही."

"तर मग किल्ली द्या," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना वाटलं, इथे म्हातारी नमणार.

मावशीने कमरेची किल्ली सोडली. हात पुढे केलेल्या सेक्रेटरींकडे एकदा बघितलं. आणि किल्ली वरच्या टाकीत, काठोकाठ भरलेल्या पाण्यात टाकली. "घ्या काढून," म्हणाली, आणि निघून गेली.

सेक्रेटरींना इस्त्रीच्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर करावी लागली, असं वॉचमन नंतर सगळ्यांना सांगत होता.

तो पहिला दिवस ती फार खुशीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठली, चहा केला, आणि मग काय करायचं ते तिला कळेना. घरातले पडदे काढून धुतले. ते वाळल्यावर पुन्हा धुतले. हात नुसते मांडीवर ठेवून बसायची तिला सवय नव्हती. तिचे हात तिला कुणा पाहुण्याचे वाटायला लागले.

आणि खरा घाव वेगळाच होता. लोक खूश होते.

सून चौथ्या दिवशी संध्याकाळी आली, चपला काढता काढता म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर सांगते."

"रागावणार. सांग."

"तुमच्या इमारतीतल्या दोघीजणी आज माझ्या टेबलावर आल्या होत्या. म्हणाल्या, आता कपडे काय मऊ निघतात, जिन्यात सुद्धा वास दरवळतो. मोठी बाटली घेऊन गेल्या, घरच्या बारीक धुण्याला."

"कोण दोघी?"

"नाव सांगितलं तर तुम्ही उद्या त्यांच्या दारात जाल."

मावशीने धुतलेल्या पडद्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग ती म्हणाली, "एकोणीस वर्षं धुतलं. कुणी कधी म्हटलं नाही, कपडे काय छान निघाले. चार दिवस गुलाबी पाणी ओतलं तर म्हणतात."

"वासाचं तसंच असतं, आई. तो लगेच कळतो. साबण निघून गेलाय हे कुणाला दिसतं?" सुनेने डोक्याला रुमाल बांधला आणि आवाज हळू केला. "आणखी एक सांगते. आम्हाला शिकवायला जो साहेब आला होता ना, त्यानेच सांगितलं. याचा कपड्यावर थर बसतो. म्हणून मऊ लागतो. टॉवेलला वापरलं तर टॉवेल पाणी पीत नाही. व्यायामाच्या कपड्यांनाही नको. पण म्हणाला, गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय हे बोलायचं नाही."

मावशी ताडकन उठली. "आणि तू बोलत नाहीस?"

"विचारत नाही कुणी!"

"अगं पण—"

"आई, तुम्ही त्या टाक्यांचं कुणाला सांगितलंत?" सून म्हणाली. "सेक्रेटरीला एक शब्द? मला तरी लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं, तेही मी खाली डबा द्यायला आले म्हणून. विचारलं नाही म्हणून तुम्ही गप्प, विचारलं नाही म्हणून मी गप्प. फक्त माझ्या अंगावर निळा कोट आहे."

हे मावशीला असं लागलं की ती पुन्हा खाली बसली.

"उद्या जाते आणि सांगते," ती शेवटी म्हणाली. "साहेबाने काय शिकवलं तेही सांगते."

"माझं नाव आलं तर माझी नोकरी जाईल."

"नाही येणार."

"तुमचं तोंड सुटलं की तुम्हाला—"

"नाही येणार म्हटलं ना!"

सकाळी वॉचमनच दारात उभा. डोळे तारवटलेले. सेक्रेटरींनी धुणं त्याच्या गळ्यात बांधलं होतं. "मावशी, एक विचारू? तुम्ही वरचं पाणी खाली सोडता ना, मी बघितलंय. म्हणून मी पण दुसऱ्या टाकीचं पाणी पहिलीत सोडलं. तर ते सगळं फाटलं हो. दह्यासारखं. पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या, आणि चौथ्या मजल्याच्या काळ्या पँटीला चिकटल्या."

"साबण आणि उतारा एकत्र आले की तसंच होणार. दोघांचं पटत नाही. मग काय केलंस?"

"मग आता दर घाण्याला दोन्ही टाक्या रिकाम्या करतो आणि रबरी पाइपने ताज्या भरतो."

मावशीने त्याच्याकडे बघितलं. "दोन्ही? दर घाण्याला?"

"हो. आणि आता गच्चीवरची टाकी नऊलाच कोरडी. चौथा मजला माझ्या जिवावर उठलाय. आज अकराला खाली मीटिंग आहे पाण्याची. तुम्हाला बोलावलं नाहीये," तो ओशाळून म्हणाला.

"बोलावलं नाही तर काय, मला वाट माहीत नाही का?" मावशी म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.

अकराला धुणंघरात वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने उभी होती. खोलीभर तो गोडसर वास, इतका की डोळ्यांत जावा. चौथ्या मजल्यावरची एक धिप्पाड बाई सेक्रेटरींना फैलावर घेत होती. ती पोहण्याच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवायची, त्यामुळे आवाज खणखणीत. "तुम्ही म्हणालात साधं गणित आहे, पाणी वाचेल! आधी दुपारपर्यंत यायचं, आता नऊला नळ खोकतो! मी अंगाला साबण लावून उभी, आणि पाणी गुल!"

"काहीतरी गळती असणार," सेक्रेटरी म्हणाले. "प्लंबरला बोलावलंय."

"गळती नाही," दारातून मावशी म्हणाली. "अक्कल कमी पडलीय. माझीही."

सगळे वळले. तिच्या तोंडून 'माझीही' हा शब्द ऐकायची कुणाला सवय नव्हती. लोक सावरेपर्यंत ती टाक्यांपर्यंत पोचली होती.

तिने सांगितलं. वरच्या टाकीवर थाप मारून, मग मधल्या, मग खालच्या. बुचं काढून दाखवली. कपडा खालून वर, पाणी वरून खाली. "तीन टाक्या दिसतात, नळ एकच टाकी भरतो. हे मी आधी सांगायला हवं होतं. मला राग आला आणि मी नाही सांगितलं, ती माझी चूक. पण आता तुमची ऐका. उतारा टाकलेलं पाणी खाली घेता येत नाही, साबणात पडलं की फाटतं. वॉचमनला विचारा. म्हणून दर घाण्याला दोन टाक्या ताज्या. मी एक भरत होते, तुम्ही दोन भरता. तिसरं पाणी वाचवायला निघालात आणि दुप्पट ओतून बसलात."

पोहायला शिकवणारी बाई बोटांवर हिशेब करून मोठ्याने हसली. "काय हो सेक्रेटरी, साधं गणित ना?"

सेक्रेटरींचे कान लाल झाले. माणूस कोंडीत सापडला की जवळचं हत्यार उचलतो. ते म्हणाले, "पाण्याचं असेल, मान्य. पण मावशी कपड्यांच्या मऊपणावर बोलतात, ते हास्यास्पद आहे. अहो, यांची स्वतःची सून मोठ्या दुकानात हेच विकते! घरात तेच चालतं आणि इथे आम्हाला उपदेश!"

खोलीत कुजबुज झाली. त्या दोघीजणी, ज्यांनी बाटली घेतली होती, एकमेकींकडे बघायला लागल्या.

मावशीच्या जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं. साहेब काय शिकवतो, काय लपवायला सांगतो. तीन वाक्यांत सेक्रेटरी गार झाले असते. तिने दातांवर दात दाबले. इतक्या वर्षांत गिळलेला हा तिचा पहिला शब्द असेल, आणि तो गिळताना तिच्या मानेची शीर उठलेली वॉचमनने बघितली.

"विकते," ती म्हणाली. "दिवसभर उभी राहून, मान मोडून विकते. तिच्या पोटापाण्याकडे बोट करायचं नाही. बोलायचंय ते माझ्याशी बोला. विकणारीला बाटलीतलं कळतं, धुणारीला कपड्यातलं. तुम्ही मला कपड्याचं विचारा."

"विचारलं समजा," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमचा धुतलेला टॉवेल द्या."

घड्या केलेल्या कपड्यांचे गठ्ठे फळीवर मांडलेले होते. सेक्रेटरींच्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा, गुबगुबीत, पांढरा टॉवेल तिने उचलला. कुणाला तरी वरून स्वच्छ बादली आणि कोमट पाणी आणायला सांगितलं. बादली येईपर्यंत तिने नळाखाली बोटं ओली करून टॉवेलवर पाणी शिंपडलं. थेंब आत गेले नाहीत. कमळाच्या पानावर बसावेत तसे टॉवेलवर गोल गोल बसून राहिले. तिने टॉवेल कलता केला, थेंब घरंगळले आणि सेक्रेटरींच्या बुटावर पडले.

"याने अंग पुसता?"

"तरीच," मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "मला वाटलं, माझंच अंग आता वाळत नाही. वय झालं म्हणून."

बादली आली. मावशीने टॉवेल पाण्यात बुडवला, चार वेळा दाबला आणि पिळला. लोक पुढे सरकले. पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ झालं होतं आणि कडेने बारीक फेस धरला होता. धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या टॉवेलमधून.

"हा साबण," ती म्हणाली. "दोन पाण्यांत निघाला नाही. त्याच्यावर हा थर, म्हणून हाताला कळला नाही. चिखलावर सतरंजी टाकून तुम्ही म्हणता, घर सारवलं. नुसतं लपवलंय. मी मऊपणाच्या विरुद्ध नाही. साबण कमी घाला, तो पुरता काढा, ओला कपडा झटका, आणि पार कोळसा होईपर्यंत उन्हात ठेवू नका. कपडा आपोआप मऊ होतो. हे करायला हात लागतात, बाटली नाही."

"म्हणजे कंडिशनर अजिबात लागतच नाही?" बाटली घेतलेल्या दोघींपैकी एकीने विचारलं. तिचा सूर जरा दुखावलेला होता.

"लागतं ना. ज्याला साबण काढायचा कंटाळा आहे त्याला लागतं," मावशी म्हणाली. मग त्या बाईचा चेहरा बघून जरा नरमली. "तुम्हाला वास आवडतो, तर तुमच्या घरात, तुमच्या बादलीत घाला. तुमच्या पडद्यांना घाला, मला काय. फक्त टॉवेलला नको आणि माझ्या टाकीत नको."

"पण मला आवडतो तो वास," ती बाई हट्टाने म्हणाली.

"आवडू दे की. कुणी नाक कापलंय?"

हशा झाला. सेक्रेटरी हसले नाहीत. ते आपल्या टॉवेलच्या बादलीकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि पुढे केली. "घ्या. उद्यापासून तुमच्या पद्धतीने."

मावशीने हात पुढे केला नाही.

"आधी तो दारावरचा कागद," ती म्हणाली.

"काढतो."

"काढून भागायचं नाही. नवा लावा. तीन पाणी. साबण मावशी सांगेल तेवढा. आणि टाक्यांबद्दल काही ठरवायचं असेल तर मावशीला कमिटीत बसवून ठरवायचं. खुर्चीवर. दारात उभं करून नाही."

"असं कागदावर लिहितात का कुठे?"

"हुकूम लिहिता येतो, मग हेही येईल. दोन पेनं आहेत खिशाला."

पोहायला शिकवणारी बाई म्हणाली, "लिहा हो, मला अंघोळ करायचीय." आणखी चार-पाच आवाज उठले. सगळे नाही. दोन-तीन माणसं तोंड वाकडं करून बाहेर पडली. कामवालीला खुर्ची द्यायची म्हणजे काय, असं एकजण जिन्यात बोलला, आणि ते आतपर्यंत ऐकू आलं. मावशीने ते ऐकलं. दाराकडे मान वळवून ती म्हणाली, "खुर्ची मी घरून आणेन. तुमची नको."

सेक्रेटरींनी पिळायच्या यंत्राच्या झाकणावर कागद ठेवून लिहिलं. मावशीने एकेक अक्षर वाचलं, एके ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "इथे 'शक्यतो' लिहिलंय. ते खोडा." त्यांनी खोडलं. मग तिने किल्ली घेतली.

"आज कपडे नाहीत," तिने जाहीर केलं. "आज टाक्या घासायच्या. हा थर टाकीलाही बसलाय. आणि ज्याने पिंप आणलं त्याने ते घेऊन जावं."

पिंप अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. सेक्रेटरींनी ते दोन्ही हातांनी उचललं, पहिल्या पायरीवर ठेवलं, दम घेतला, दुसऱ्या पायरीवर ठेवलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पुष्कळ पायऱ्या होत्या. वॉचमन मदतीला निघाला तर मावशीने त्याच्या हातात घासणी दिली.

"तू इकडे ये. खालच्या टाकीपासून सुरुवात कर. कोपरे घास नीट."